दुसऱ्या बाजूवरचा खोकला

१२ जुलै १९७६, किट्वे

वही नवी आहे, म्हणून आधी माणसं लिहून ठेवते. जुन्या वह्या चाळताना कोण कोणाचं हे मलाच आठवेनासं झालं आहे. मी आयरीन न्कोले, मुलींच्या माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. मुलगा साम्पा लुसाकाला विद्यापीठात आहे. त्याच्यावरून गल्लीत मला बाना साम्पा म्हणतात. त्याचे वडील न्दोलाला नोकरीला, शनिवारी घरी येतात. मागच्या खोलीत आमचे यामा, आईचे भाऊ. आई गेल्यावर मला आणि कबासोला त्यांनीच वाढवलं, जन्मभर खाणीत फावडं मारून. आणि कबासो म्हणजे मला याया, म्हणजे ताई, म्हणणारा माझा धाकटा भाऊ, ज्याचं नाव माझ्या विद्यार्थिनी बाकांवर कोरतात आणि मला ते घासून काढायला लावावं लागतं.

तर आज त्याची रेकॉर्ड आली. न्दोलाहून पहिल्या बसने तो स्वतः घेऊन आला, कागदाचा वास अजून गेलेला नव्हता. त्याच्या ‘थर्ड शिफ्ट’ या बँडची ही तिसरी. पहिल्या दोन लिव्हिंगस्टनपासून कासामापर्यंत प्रत्येक बारमध्ये वाजल्या. हिचं नाव ‘इन्शिला’, म्हणजे वाट. पहिली बाजू इंग्रजीत, नेहमीसारखी, खिडक्या हादरवणारी. दुसरी बाजू आमच्या बेम्बात, आणि तिच्यातलं शेवटचं गाणं म्हणजे यामांच्या टोळीचं खाली दगड उपसतानाचं गाणं. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. हाक द्यायला कबासोने यामांनाच स्टुडिओत नेलं होतं.

कबासोने तीन प्रती आणल्या होत्या. “एक तुला, याया. एक यामांना. एक तुझ्या शाळेला. मुलींना कळू दे, इतिहासाच्या बाईंचा भाऊ कोण आहे ते.”

मी म्हटलं, “बाकांना आधीच कळलंय.”

त्याला रागावले, पण खरं लिहायचं तर दिवसभर शाळेत मी सरळ चालत नव्हते. काहीशी तरंगत होते.

१८ जुलै

आज साम्पाचे वडील घरी होते, म्हणून सगळ्यांनी मिळून रेकॉर्ड ऐकली. पहिली बाजू संपेपर्यंत यामा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. बाजू उलटली आणि त्यांचा स्वतःचा आवाज आला तसे म्हणाले, “हा म्हातारा कोण? बरा गातो. ह्याला जेवायला देता की नाही?”

गाण्याच्या मधोमध यामा खोकतात. म्हणजे रेकॉर्डमध्ये. हाक देऊन झाल्यावर, ओ यायच्या आत, एक कोरडा, लांब खोकला, आणि मग खरवडल्यासारखा एक श्वास. गिटार थांबत नाही.

“हे राहिलंच कसं?” मी विचारलं.

“राहिलं नाही, ठेवलं,” कबासो म्हणाला. “तिथला माणूस फीत कापायला ब्लेड घेऊन उठला होता. मी त्याचा हात धरला.”

यामा म्हणाले, “खाली कोण कापायचं? तिथे कुणीतरी खोकतच असे. आम्ही त्यावरूनच ठेका धरायचो.”

मी मान डोलावली. पण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून लिहिते: मी असते तर कापला असता. पाहुण्यांसमोर आपलं म्हातारं माणूस खोकू लागलं की मी उठून पाणी आणते, ते काही केवळ मायेपोटी नाही.

१ ऑगस्ट

दोन परीक्षणं आली आणि दोन्ही एकाच रेकॉर्डची आहेत यावर विश्वास बसत नाही.

लुसाकाच्या दैनिकाने लिहिलं आहे की पहिल्या बाजूला गडगडाट आहे, दुसऱ्या बाजूला खेडं आहे, आणि खेडं बघायला कोणी रेकॉर्ड विकत घेत नाही. ‘शेवटचं गाणं संपता संपत नाही आणि त्यात एक वृद्ध गृहस्थ मनसोक्त खोकतात. स्टुडिओत कोणाकडे ब्लेड नव्हतं काय?’

रेडिओवरच्या बाई बरोबर उलट म्हणाल्या. पहिली बाजू म्हणजे इंग्रज पोरांची मागून आणलेली पँट, कमरेत ढगळ. दुसऱ्या बाजूला हा बँड पहिल्यांदा स्वतःच्या कपड्यांत दिसतो. ‘तरी,’ त्या पुढे म्हणाल्या, ‘तो खोकला टाळता आला असता.’

म्हणजे एका गोष्टीवर एकमत.

कबासो हसत होता, पण त्याने मक्याच्या न्शिमाचा गोळा हातात धरला होता तो तसाच धरून ठेवला. रेकॉर्ड कंपनीचा न्दोलाहून निरोप आहे: दुसऱ्यांदा छापायची झाली तर खोकला कापून, गाणं आखूड करून छापू. हो की नाही ते ऑक्टोबरअखेर कळवायचं.

“तू काय कळवणार?”

“लोकांना नको असेल तर माझा हट्ट कशाला?” तो म्हणाला. “चोवीस ऑक्टोबरला, स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमातसुद्धा ते गाणं घेत नाही. स्टेडियम भरून लोक येणार. त्यांनी म्हाताऱ्याला हसायचं?”

यामा मागच्या खोलीत होते. दार उघडं होतं. ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

९ ऑगस्ट

आज इथल्या वर्तमानपत्रातल्या ‘खडा’ या सदरात जे छापून आलं ते मी इथे उतरवून ठेवते, कारण उद्या माझा मला विश्वास वाटणार नाही.

‘थर्ड शिफ्टची तिसरी रेकॉर्ड निघाली आहे. पहिल्या दोन ऐकून ज्यांचे कान शाबूत राहिले त्यांची ही सोय. पहिली बाजू ऐकताना वाटतं, माकडांना झाडावरून उतरवून विजेच्या तारांवर सोडलं आहे. दुसऱ्या बाजूला तीच माकडं दमून घरी येतात. शेवटी एक म्हातारा खोकतो. सबंध रेकॉर्डमध्ये तालात असलेला तेवढाच एक जण. त्याला प्रमुख करावं आणि बाकीच्यांना औषध पाजावं.’

खाली नुसती आद्याक्षरं, वाय. जे. सदर जूनमध्येच सुरू झालं. त्याआधी रेकॉर्डबद्दल लिहायचा तो खाणीच्या क्लबातला इंग्रज, हा त्याचाच कोणी भाऊबंद असणार. माकडं! स्वातंत्र्य मिळून बारा वर्षं होत आली आणि आमच्याच गावात, आमच्याच कागदावर हे छापलं जातं. टीका झाली याचा राग आहे का, असं मी स्वतःला दोनदा विचारून बघितलं. खरोखर नाही. दुसऱ्या बाजूबद्दल मला स्वतःलाच शंका आहेत. पण आजारी माणसाच्या खोकल्याची थट्टा करायची?

मी पत्र लिहायला घेतलं आहे. चौथा मसुदा चालू आहे. साम्पाच्या वडिलांना हे सांगणार नाही, ते ‘जाऊ दे’ म्हणतील.

१५ ऑगस्ट

छापलं! सबंध छापलं, चौकटीत. ‘आफ्रिकी माणसाला माकड म्हणण्याचे दिवस संपले आहेत, याची नोंद आपल्या स्तंभलेखकाने घ्यावी.’ ‘ज्या छातीतून हा खोकला आला तिने या देशाचं तांबं वर आणलं आहे.’ हे दुसरं वाक्य मला जमून गेलं आहे. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाक्यामुळे आलं की यामांमुळे, हे मला ठरवता आलं नाही.

कात्रण वहीत चिकटवलं.

१७ ऑगस्ट

आज बाजारात कापेंता विकणारीने मासळीचं माप माझ्या पिशवीत ओतता ओतता विचारलं, “बाना साम्पा, तुम्ही म्हणे न्गोनीला पत्र लिहिलंत? छापून?”

“कोण न्गोनी?”

ती खाली बसली. खरंच हसता हसता बसली. शेजारच्या टोमॅटोवालीला म्हणाली, “ह्यांना माहीतच नाही!”

वाय. जे. म्हणजे योतामु जेरे. चाम्बोलीत राहतात, खाणीच्या हजेरी ऑफिसात कारकून आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे न्गोनी आहेत.

मी हे कुठे तोंड लपवून लिहू? दर वर्षी मी माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षाला शिकवते की आम्ही बेम्बा आणि हे न्गोनी पूर्वी लढले आणि त्या लढाईचं पुढे चेष्टेच्या नात्यात रूपांतर झालं. न्गोनीने बेम्बाला माकडखाऊ म्हणायचं, बेम्बाने न्गोनीला उंदीरखाऊ. बाजारात, ऑफिसात, लग्नात, मयतीत, वाटेल ते बोलायचं आणि समोरच्याने त्याहून वाईट बोलायचं. रागवायचं मात्र नाही. जो रागावला त्याने नातं मोडलं, त्याला दंड. परीक्षेत हा प्रश्न मी स्वतः काढलेला आहे.

आणि मी त्या माणसाला आफ्रिकेच्या प्रतिष्ठेवर चार परिच्छेद लिहिले.

घरी आले तर यामांना बातमी आधीच पोचली होती. ते इतके हसले की खोकला लागला, आणि खोकता खोकताही हसत होते. “छातीतून तांबं वर आणलं!” ते म्हणाले. “आयरीन, मी फावड्याने आणलं गं.” मग मला ते सदर पुन्हा वाचायला लावलं. ‘तालात असलेला तेवढाच एक जण’ इथे आले की म्हणत, “परत वाच.” तीनदा वाचलं. वाचताना माझे कान तापले होते, त्यामुळे त्यांच्याकडे मी नीट बघितलं नाही.

“आता दंड,” ते डोळे पुसत म्हणाले. “कोंबडी घेऊन जायचं. स्वतः. आणि जाताना माझ्याकडून एक गाठोडंही न्यायचं.”

कबासो तेवढा हसला नाही. “चेष्टा तर चेष्टा. पण लुसाकावाले न्गोनी नाहीत ना, याया,” म्हणाला.

२२ ऑगस्ट

चाम्बोलीला जाऊन आले.

दारात गुडघे टेकून रीतीप्रमाणे हळू टाळ्या वाजवल्या. आतून आवाज आला, “उठा, चटई मळेल.” जेरे पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. कोंबडी उलटी धरून त्यांनी तिचे पाय तपासले.

“काळी हवी होती.”

“काळीच आहे, बा जेरे.”

“मग पांढरी हवी होती. आणि पत्रात स्वल्पविराम फार होते. बायको म्हणाली, ही बाई दम्याची दिसते.”

त्यांच्या बायकोने आतून ओरडून सांगितलं, “मी नाही म्हटलं हो! हेच म्हणाले. बसा, पेलाभर मुन्कोयो घ्या.”

मला काहीतरी अपमान करायला हवा होता. सगळे वाट बघत होते, कोंबडीसुद्धा. मी म्हटलं, “तुमच्या घरात... उंदीर फार कमी दिसतात.” जेरेंनी विचार केला. “पहिल्या इयत्तेचं आहे,” म्हणाले. “पण पास.”

मग मी विचारायचं ते विचारलं. थट्टा बाजूला ठेवून, त्यांना रेकॉर्ड कशी वाटली? ते चष्म्याचा दोरा सारखा करत राहिले. “थट्टा बाजूला ठेवून मी बेम्बाशी बोलतच नाही. न्गोनीने बेम्बाची तारीफ छापली तर लोक काय म्हणतील? कोणीतरी गेलं म्हणतील.”

म्हणजे त्यांनी टाळलं. मला वाटतं त्यांनी नीट ऐकलेलीच नाही. रेकॉर्ड प्लेयरवरच होती, झाकणसुद्धा नाही. मी उचलून बघितली. पहिल्या बाजूवर धुळीचा थर होता. दुसऱ्या बाजूवर धूळ नव्हती, पण शेवटच्या गाण्याच्या खाचा इतक्या झिजून पांढुरक्या झाल्या होत्या की सुई खराब असली पाहिजे. संगीतावर लिहिणाऱ्या माणसाने वस्तू अशी ठेवावी, याचं आश्चर्य वाटलं.

गाठोडं द्यायचं विसरतच होते. यामांनी ते चितेंगेच्या फडक्यात घट्ट बांधलं होतं. जेरेंनी गाठ सोडली. आत यामांचं खाणीतलं हेल्मेट निघालं, ज्याला आम्हाला लहानपणी हात लावू द्यायचे नाहीत ते. मीच चकित झाले. म्हटलं, “म्हाताऱ्यांची लहर. जुनं हेल्मेट, तुम्ही त्याचं काय करणार?”

जेरेंनी हेल्मेट दोन्ही हातांत फिरवून बघितलं. ते त्यांनी पुसलं आणि कपाटावर ठेवलं. “बघू,” म्हणाले.

मग मला बसपर्यंत सोडायला आले. रस्ताभर एकही अपमान केला नाही. मी काही चुकीचं बोलले असेन का, असा विचार करत घरी आले.

१२ सप्टेंबर

शाळा सुरू झाली. वीस दिवसांत वही उघडली नाही.

यंदा सेंटा जोरात आहे, भट्टीच्या धुराला इथे तेच म्हणतात. सकाळी तो आमच्या वुसाकिले वस्तीवर उतरला की घशात गंधकाची चव येते, मुली हजेरीलाही खोकत उत्तर देतात. यामांचा खोकला त्यानेच वाढला आहे. खाणीच्या दवाखान्यातून लाल औषध आणलं. न्शिमा नको म्हणतात, मुन्कोयो थोडं घेतात. वारा बदलला की उतार पडेल.

एक चांगलं झालं, त्यांना आवराआवरीची हुक्की आली आहे. पेटी रिकामी केली, चांगला कोट कबासोला दिला, घोंगडी शेजारच्या वॉचमनला. जुन्या वस्तू साठवत बसायच्या त्यांच्या सवयीला मी किती वर्षं बोलत होते!

३ ऑक्टोबर

कबासो आणि माझं वाजलं. कार्यक्रमाच्या गाण्यांची यादी त्याने पक्की केली: यामांचं गाणं नाही.

मी म्हटलं, “मग कंपनीलाही हो कळवणार?”

“तूच म्हणाली नव्हतीस का, हे राहिलं कसं?”

म्हटलं होतं. आणि मनात त्याहून जास्त म्हटलं होतं, तेही त्याने माझ्या तोंडावर वाचलं असणार. गेल्या दोन महिन्यांत मी ते गाणं रोज ऐकते आहे, आधी खोकल्यापाशी खुर्चीत सावरून बसायचे, आता वाट बघते. पण हे मत झालं की सवय झाली? भाऊ माझा, मामा माझा, माझा निवाडा कोण मानेल? म्हणून मी त्याला ठामपणे काही सांगू शकले नाही. नुसतं म्हटलं, “यामांना विचार.”

यामा भिंतीला टेकून अंगणात बसले होते. “कापा की,” म्हणाले. “खोकल्याचं काय, लागला तर दुसरा देईन.” मग मला विचारलं, “तो उंदीरखाऊ बरा आहे ना? कामावर जातो ना रोज?”

मी म्हटलं, जात असतील. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

१४ ऑक्टोबर

यामा दहा तारखेला गेले. पहाटे, झोपेत. परवा माती दिली. आता लिहिता येतं आहे.

मला काहीच कळलं नव्हतं. सगळे म्हणतात, कळायला हवं होतं. मी मागची पानं वाचली. त्यांत सगळं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

जे झालं ते क्रमाने लिहिते.

कबरस्तानात इतकी माणसं होती की शेवटची रांग रस्त्यापलीकडे. जुने खाणकामगार सगळे. लाकडी पेटी खांद्यावरून उतरवली आणि बायकांनी हंबरडा फोडला, तेवढ्यात खड्ड्याच्या मातीच्या ढिगावरून कोणीतरी खेकसलं, “थांबा! हजेरी लावल्याशिवाय खाली कोण निघालंय?”

जेरे. डोक्यावर यामांचं हेल्मेट, कानांपर्यंत आलेलं. काखेत हजेरीचा पुठ्ठा. यामा चालायचे तसे, डावा पाय ओढत, मयतीतल्या रीतीप्रमाणे त्यांचं सोंग घेऊन त्यांनी खड्ड्याभोवती फेरी मारली.

“नाव?” त्यांनी पेटीला विचारलं. “बोलत नाही. बेम्बा आहे, नाव लिहिता येत नसेल. ह्याच्या घरचं कोणी शिकलेलं आहे का? एक बाई आहे म्हणतात, फार स्वल्पविराम घालते.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मी चेहरा हातांत घेतला होता, आणि माझ्या लक्षात आलं की माझे खांदे रडण्याने हलत नव्हते.

“मामांची शिफ्ट कोण भरणार?” जेरेंनी कबासोकडे बोट केलं. “हा? ह्याला गिटारच्या तारेवर लटकायला येतं. फावडं येतं का?” कबासो दगडासारखा उभा. यामांचा कोट त्याच्या अंगात होता.

“मग मलाच करावं लागणार,” जेरे म्हणाले. त्यांनी कबर खोदणाऱ्याचं फावडं घेतलं आणि यामांच्या आवाजात गाणं सुरू केलं.

हाक त्यांनी दिली. पहिल्यांदा ओ आली नाही. दुसऱ्यांदा मागच्या रांगेतून दोनचार म्हाताऱ्यांनी दिली. तिसऱ्यांदा सगळ्यांनी, आणि जमीन दणाणली. जेरे गात होते, न्गोनी माणूस, एकही बेम्बा शब्द न चुकता, आणि जिथे कबासोची गिटार वळण घेते तिथे तोंडाने गिटारही वाजवत होते. मग ती जागा आली. ते खोकले.

त्याच जागी. हाक देऊन झाल्यावर, ओ यायच्या आत. तेवढाच लांब, तेवढाच कोरडा. आणि त्यानंतरचा तो खरवडणारा श्वाससुद्धा त्यांनी घेतला. एकदा ऐकून तो श्वास लक्षात राहत नाही. दहादा ऐकूनही नाही. तो कळायला सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवावी लागते.

त्यांच्या रेकॉर्डवरच्या धुळीबद्दल मी जे लिहिलं आहे ते काल परत वाचलं. खोडत नाही. तसंच राहू दे.

श्वास संपला आणि ओ कबासोने दिली. एकट्याने, फाटक्या आवाजात. मग सगळ्यांनी.

शेवटी जेरेंनी दंड म्हणून यामांची तपकिरीची डबी मागून घेतली. “माकडं तपकीर ओढतात हे मला माहीत नव्हतं,” म्हणाले, आणि पाठ करून बराच वेळ ती उघडत राहिले. डबीला झाकण नाही, ते लहानपणीच मी हरवलं होतं.

२० ऑक्टोबर

कबासोने यादी बदलली का, हे मी विचारलेलं नाही. रोज तालमीला जातो. कोट घालून जातो, या उकाड्यात.

२५ ऑक्टोबर

काल दुपारी स्टेडियम. पुढाऱ्यांची भाषणं इतकी लांबली की बायकांनी आंबे सोलून खाल्ले आणि कोयी मोजायचाही कंटाळा आला. साम्पा लुसाकाहून आला होता, त्याचे वडील न्दोलाहून. आमच्या मागच्या रांगेत जेरे आणि त्यांची बायको. हेल्मेट मांडीवर.

थर्ड शिफ्टने पहिल्या बाजूची सगळी गाणी वाजवली. पोरं खांद्यांवर चढून नाचली. लुसाकाच्या दैनिकाचं काही अगदीच चुकलेलं नाही, गडगडाट होता, आणि मला तो आवडला. रेडिओच्या बाईंचंही पटलं, पँट थोडी ढगळ आहेच. मग कबासो माइकपाशी आला.

“हे पुढचं माझ्या मामांचं,” तो म्हणाला. “न्दोलाहून कोणी आलं असेल तर ऐकून ठेवा. ब्लेड घरीच ठेवायचं.”

हाक त्यानेच दिली. यामांचा आवाज त्याच्याकडे नाही, त्याने काढायचा प्रयत्नही केला नाही. ओ सगळ्या स्टेडियमने दिली. मग ती जागा आली आणि त्याने तिथे काही केलं नाही. गिटारवर हात सपाट ठेवला. सगळा बँड थांबला. जागा रिकामी ठेवली.

एक क्षण नुसतं ऊन होतं.

मग मागच्या रांगेतून कोणीतरी खोकलं. मला वळून बघायची गरज नव्हती. लगेच पलीकडच्या बाजूला दुसरं कोणी. मग वुसाकिले, चाम्बोली, मिंदोलो, जिथे जिथे खाणीतली माणसं बसली होती तिथून, म्हातारे, मधल्या वयाचे, कालच शिफ्ट करून आलेले, स्टेडियमभर तोच कोरडा, लांब खोकला, आणि शेवटी हजारो छात्यांमधून तो श्वास. भाषणवाल्या पुढाऱ्यांपैकी एक जणही रुमालात खोकला, मी पाहिलं. कोणी हसलं नाही. कबासोने मान खाली घातली, गिटार सुरू केली, आणि ओ आली तेव्हा माझ्या पायांखालचं लाकूड थरथरत होतं.

आमच्या घरातून हे निघालं. मागच्या खोलीतून. मी हे गर्वाने लिहिते आहे हे मला कळतं आहे आणि आज मी त्याची उलटतपासणी करणार नाही.

मीसुद्धा खोकले होते. साम्पाने चमकून बघितलं, आईला पाणी हवं का म्हणून.

बाहेर पडताना फाटकापाशी जेरेंनी गाठलं. “बाई, तुम्ही अर्धा ठोका मागे होतात.”

“उंदीर खाऊन कानांत शेपट्या अडकल्या असतील तुमच्या,” मी म्हटलं. “आधी त्या काढा, मग ताल सांगा.”

ते थबकले. चष्मा वर सरकवला. “ऐकलंस?” बायकोला म्हणाले. “म्हाताऱ्याने उगीच नाही शिकवली हिला.”

त्यांच्या बायकोने माझा हात दाबला. जेरे हेल्मेट डोक्यावर ठेवून गर्दीत निघून गेले, डावा पाय किंचित ओढत. आता ती सवयच लागली असावी.

मी तालात होते. लिहून ठेवते.